पिनेला दोरा बांधू नका

अप्पा बिरादार पहिल्यांदा माझ्या घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात. मी शाळेतल्या नोकरीसाठी उदगीरच्या त्या गल्लीत त्याच दिवशी राहायला आले होते. केसांत जाळं, पदर खोचलेला, निम्मं सामान अंगणात. आणि हे साठीचे, ताठ पाठीचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले गृहस्थ माझ्या शेगडीपुढं उकिडवे बसून गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून राहिले होते.

"तुम्ही गॅसवाले का?" मी विचारलं.

"न्हाई. शेजारचा हाय. बाई, ही नळी कवा बदलली?"

"मला काय माहीत! लग्नात आलीय."

"लग्न कवा झालं?"

मी सांगितलं. त्यांनी नळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि संसार कसा चाललाय हे न विचारता म्हणाले, "नळी संपली."

संध्याकाळी नवी नळी घेऊन हजर. मागून शांताकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. नवरा नळी बसवत होता तेवढ्यात मला हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका, बाई. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तवा चुलीत पाणी ओतलं होतं ह्यांनी. चुलीवर पुरणाचं पातेलं होतं."

अप्पा-काकू नांदेडला राहायला गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. गल्लीला चुकल्या-चुकल्यासारखं होतं असं मी म्हणणार नाही. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. आता शेजारच्या स्वामींच्या घरी दिवाळीत पणती पडद्याखाली ठेवली तरी कुणी बोलत नाही. मी मात्र ती पणती दिसली की आत जाऊन उचलते आणि शिव्या अप्पांना देते.

अप्पा हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते. सत्तावीस वर्षं नोकरी. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सगळं मोंढा मार्केट त्यांना बघायला आलं होतं म्हणे. आडत दुकानात गादीवर बसवून चहा पाजला आणि विचारलं, "अप्पा, इमान चालवत होते का?"

"न्हाई. इमान चालू करताना बाजूला उभा ऱ्हायचो."

झालं! लोकांचं तोंड उतरलं. कुणाला बॉम्ब हवा होता, कुणाला पॅराशूट. अप्पांनी त्यांना समजावून सांगितलं, की लढाऊ विमानाचं इंजिन सुरू होताना आग लागण्याचा संभव असतो. म्हणून दरवेळी एक माणूस आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन, वारा पाठीला घेऊन, इंजिनावर नजर ठेवून उभा असतो. इंजिन धडधडायला लागतं, विमान निघून जातं, माणूस सिलिंडर जागेवर ठेवतो.

"अन् आग?"

"लागत न्हाई शक्यतो."

"म्हंजे सत्तावीस वर्षं नुसतं उभं?"

"हाव. नुसतं उभं. पर नीट उभं."

हे "नीट उभं" राहणं त्यांच्या हाडात मुरलं होतं. त्यांची एक जुनी स्कूटर होती. सकाळी दूध आणायला निघायचे तर आधी स्कूटरला एक प्रदक्षिणा. टायर दाबून बघायचा, ब्रेकची तार ओढून बघायची, खाली वाकून तेल गळतंय का बघायचं, आणि प्रत्येक गोष्टीला तोंडानं "ठीक" म्हणायचं. काकू पिशवी धरून उंबऱ्यात. "इमान उडणार का आज? का आम्ही चहाबिगरच बसायचं?" अप्पा आरसा पुसायचे आणि आरशालाही "ठीक" म्हणायचे.

दुसरी खोड म्हणजे रस्त्यावरचं वेचत जायची. खिळा, नट, वॉशर, बाटलीचं झाकण, दिसेल ते उचलून खिशात. धावपट्टीवर एवढासा खडा राहिला तरी इंजिन तो आत ओढतं आणि कोट्यवधीचं विमान भंगारात जातं, म्हणून तिकडं सगळे ओळीनं चालत जमीन झाडून घेतात. हे मला नंतर कळलं. तोवर मला वाटायचं, म्हातारा भंगार गोळा करतोय. काकूंना धुण्यात रोज मूठभर लोखंड सापडायचं. एकदा मला खिडकीतून दाखवत म्हणाल्या, "बगा बाई, लोकांचे मालक पगार आणतात. आमचे नट आणतात."

लग्नाला गेले की मंगल कार्यालयात शिरल्या शिरल्या दारं मोजायचे. आमंत्रण देणाऱ्यानं हात जोडून "या, या" म्हणावं, आणि ह्यांनी "मागचं दार कुलूप लावून का ठेवलंय?" म्हणावं. चावी येईपर्यंत खुर्चीत बसायचे नाहीत. अक्षता पडायच्या, वाजंत्री वाजायची, आणि अप्पा मागच्या दाराशी उभे, हातात अक्षता तशाच. ह्या माणसाला लग्नाला बोलवायचं की नाही यावर गल्लीत एकदा गंभीर चर्चा झाली होती. शेवटी बोलवायचं ठरलं, कारण आहेर चांगला करायचे.

धोक्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. शाळेत मुलांना दोन शब्द सांगा म्हटलं तरी तेच, किराणा दुकानात तेल घेतानाही तेच. "धोका पाव्हणा हाय. येऊ नको म्हणता येत न्हाई. पर त्याला कुठं बसवायचं ते आपल्या हातात हाय." ऐकून ऐकून आमच्या सातवीच्या पोरांनी कुणीही तपासणी अधिकारी शाळेत आला की "धोका आला, धोका आला, खुर्ची द्या" म्हणायला सुरुवात केली होती.

त्यांच्या लेकीचं, सुनंदाचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. मुलगा जळकोटकडच्या एका नदीकाठच्या खेड्यातला, शिक्षक. अप्पांनी शाळेच्या वहीचं मधलं पान फाडून चार रकाने आखले. काय होऊ शकतं, होण्याची शक्यता, नुकसान, उपाय. असा तक्ता म्हणे प्रत्येक उड्डाणाआधी करायचा असतो. तो त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला आणि मला वाचायला बोलावलं. मी अजून तो विसरलेले नाही. "आचाऱ्याची भट्टी मांडवाला लागणे: शक्यता बरी, नुकसान मोठं, उपाय भट्टी वाऱ्याच्या खाली, दोन सिलिंडर, वाळू." इथपर्यंत ठीक. पुढं: "नवरदेवाच्या काकाचा रुसवा: शक्यता लई, नुकसान मध्यम, उपाय टोपी-टॉवेल आधीच हातात देणे." त्याखाली: "शांताचं रडणं: शक्यता पक्की, नुकसान न्हाई, उपाय न्हाई."

"आणि तुमचं रडणं कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

"मी ड्युटीवर असणार," अप्पा म्हणाले. खरंच भट्टीपाशी उभे होते. लेक पाया पडायला आली तीसुद्धा तिथंच आली.

त्या तक्त्यात सगळ्यात खाली "गाव नदीकाठी" असं लिहिलं होतं. शक्यता थोडी, नुकसान मोठं. उपायाचा रकाना मोकळा होता. काकू म्हणाल्या, "साकु करा आता. नदी काय तुमच्यापाई दुसरीकडं जाणार हाय?" साकु म्हणजे कानडीत पुरे; बिदरच्या माहेराहून काकूंनी आणलेल्या शब्दांपैकी नवऱ्यासाठी सगळ्यात जास्त वापरलेला.

मधे चार महिने ते लातूरला एका डाळमिलमध्ये सुरक्षेचं काम बघायला जात होते. पहाटेची बस, डबा, गळ्यात ओळखपत्र. काकूंना वाटलं, आता ह्यांना आवडीचं काम मिळालं आणि आपल्याला दुपारची झोप. मिलमध्ये भिंतीवर अग्निशामक सिलिंडर टांगलेले असतात, प्रत्येकाला एक कार्ड, दर महिन्याला तपासून त्यावर सही करायची. अप्पांनी पहिल्या महिन्यात सगळे उतरवले. ज्यात पावडर असते ते उलटे करून, बुडाला चापट मारून, कान लावून ऐकायचे. आत पावडर मोकळी असली तर सळसळ होते. बसली असली तर दगडासारखी गप्प. आणि ज्यात नुसता वायू असतो त्याला दाब दाखवणारा काटा नसतो, म्हणून तो वजन करून बघायचा. मिलमधल्या बायका पदराआड हसायच्या. "मालक, तुमचा डॉक्टर आला बगा, डब्याचा दम बघायला."

निम्म्या कार्डांवर त्यांनी "खराब" लिहिलं. मालक भला माणूस होता, तो म्हणाला, "अप्पा, सामान मागवलंय, येईल. तोवर सही करून टाका की. एका सहीनं काय होतंय?" अप्पा म्हणाले, "सहीनं काही होत न्हाई, साहेब. म्हणून तर करत न्हाई." आणि ओळखपत्र टेबलावर ठेवून दुपारच्या बसनं घरी. काकूंची झोप मोडली. त्या आठवड्यात बोलल्या नाहीत त्यांच्याशी. सामान मात्र दुसऱ्याच आठवड्यात आलं आणि मालक स्वतः अप्पांना न्यायला आला. अप्पा गेले, सगळे सिलिंडर नव्यानं तपासले, सह्या केल्या, आणि नोकरीला पुन्हा नाही म्हणाले. असला हेकट माणूस.

एवढं सगळं कशापाई, ते एका खंडेनवमीला कळलं. खंडेनवमीला आमच्याकडं हत्याराची पूजा. शेतकरी विळा-कुऱ्हाड पुजतो, शिंपी मशीन, ड्रायव्हर गाडी. अप्पांनी स्कूटरला हार घातला आणि ओट्यावर चहा पिता पिता सांगायला लागले. नंतर दर वर्षी त्याच दिवशी, त्याच शब्दांत सांगायचे, म्हणून माझं पाठ झालंय.

तेव्हा ते बाविशीचे, वाळवंटातल्या एका तळावर. खंडेनवमी आली, घरापासून लांब, मन भरून आलेलं. त्यांनी आपलं हत्यार पुजलं. म्हणजे लाल सिलिंडर. विभूती लावली, फूल वाहिलं आणि मुठीला लाल-पिवळा नाडा बांधला. "आपल्या उदगीरच्या गाठी, बाई. बैलानं हिसका दिला तरी सुटू नये अशा." दुसऱ्या दिवशी सकाळी शिकाऊ वैमानिकाचं विमान सुरू होताना शेपटीतून जाळ आला. अप्पांनी मुठीतली पिन ओढली; ती निघाल्याशिवाय सिलिंडर सुटत नाही. पिन येईना. नाडा मुठीबरोबर पिनेलाही आवळला होता. त्यांनी दातांनी तो तोडायला घेतला. तोवर पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या केरळच्या गड्यानं आपल्या सिलिंडरनं जाळ विझवला.

कुणाला काही झालं नाही. कुणाला काही दिसलंही नाही. धुरात कोण काय करतंय ते कळत नव्हतं. नाडा तोडून खिशात घातला असता तर विषय मिटला होता.

"मंग?" मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"मंग काय. साहेबाकडं गेलो अन् सांगितलं. दोरा टेबलावर ठेवला. चूक दुसऱ्यानं पकडली तर ती चोरी. आपण सांगितली तर ती सूचना." साहेबानं आधी मरणाचं झापलं, मग शेजारी बसवून सगळं लिहून घेतलं. नाव न टाकता तो कागद सगळ्या तळांवर गेला: हार घाला, कुंकू लावा, पिनेला दोरा बांधू नका. "हवाई दलात माझं नाव कुठं न्हाई, बाई. पर माझी चूक सगळीकडं वाचून दाखवली." हे सांगताना ते हसायचे, पण आधी कप खाली ठेवून.

मग तो पावसाळा आला. तीन दिवस आभाळ फाटलं होतं. जळकोटकडची तिरू नदी गावांत शिरली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदाचा फोन आला, "अप्पा, आम्ही शाळेच्या स्लॅबवर चढलो, सगळं गाव हाय, पाणी वाढून राहिलंय." तिच्या कडेवर आठ महिन्यांची पोर. त्यानंतर फोन लागेना. काकू देवापुढं बसल्या त्या उठेनात. अप्पा रात्रभर त्यांच्या शेजारी बसून होते.

सकाळी पाऊस उघडला आणि नांदेडहून हवाई दलाचं हेलिकॉप्टर निघालं. उतरायला आमच्या शाळेचं मैदान, कारण ते उंचावर आणि वरून तारा नाहीत. तहसीलदारांच्या हातात गावांची यादी होती. सुनंदाचं गाव दुसरं. पहिल्या गावातली माणसं आणायची, इथं तेल भरायचं, की दुसरी फेरी. तेलाची पिंपं ट्रकनं येऊन पोचली होती. तेल भरताना आगीचा बंदोबस्त लागतो, आणि गावाचा अग्निशमन बंब कुठल्याशा पुलापलीकडं अडकलेला. म्हणून तहसीलदारांनी गावातून मिळतील तेवढे सिलिंडर गोळा करायला सांगितले. हेलिकॉप्टर पहिल्या फेरीला गेलं आणि टेम्पो आला. बँकेचे, पेट्रोल पंपाचे, मंगल कार्यालयाचे, आमच्या शाळेचे. चौदा नग, ओळीनं उभे. तहसीलदार खूश.

अप्पा फाटकातून आले. अंगावर चुरगळलेला शर्ट, डोळे लाल, दाढी वाढलेली. माझ्याकडं बघून मान हलवली आणि थेट त्या ओळीपाशी बसले. एकेक उलटा करायला लागले.

पहिला गप्प. दुसरा गप्प. तिसऱ्याची नळी उंदरानं खाल्लेली. चौथ्याच्या मुठीला लाल-पिवळा नाडा. पाचव्याला नाडा आणि वाळलेल्या झेंडूचा हार. गेल्या खंडेनवमीला सगळ्या उदगीरनं भक्तिभावानं पूजा केली होती. सहावा उचलून त्यांनी फिरवून बघितला. त्यावर आमच्या शाळेचं नाव होतं, नाडा होता, आणि नाड्याला पाच गाठी होत्या. तो माझ्या प्रयोगशाळेतला. गाठी मीच मारल्या होत्या. चार वर्षं ओट्यावर चहा पीत तीच गोष्ट ऐकणाऱ्या विज्ञानाच्या बाईंनी! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. अप्पा एवढंच म्हणाले, "बाई, कात्री आणा."

मी कात्री घेऊन आले तेव्हा हेलिकॉप्टर परत उतरून राहिलं होतं. माणसं उतरली, पंखा थांबला. तेल भरणारे पुढं झाले आणि अप्पा आडवे उभे राहिले.

"तेल भरू नका अजून. वीस मिनिटं द्या. ह्यातले दोन धड हायेत फक्त."

तहसीलदार तरुण होते, दोन रात्री झोपलेले नव्हते. ते भडकले. "अप्पा, तिकडं लोक स्लॅबवर जीव मुठीत धरून उभेत, अन् तुम्ही इथं डबे हलवून राहिलात? दोन आहेत ना चालू? बस्स झालं! तुमचं कुणी अडकलेलं नाही तिकडं, म्हणून सुचतंय हे."

मी तोंड उघडलंच होतं. अप्पांनी माझा दंड धरला. एवढा घट्ट, की दोन दिवस वळ होता. मग मला सोडून ते चालत वैमानिकाकडं गेले. वैमानिक पोरसवदा. अप्पांनी आपला हुद्दा सांगितला, पाय जुळवले आणि हिंदीत म्हणाले, "सर, मेरी बेटी उसी छत पर है. नातिन भी. मेरा मन कहता है, सब छोडो और उडा दो. इसलिए मेरे कहने पर मत जाइए. आप खुद देख लीजिए."

 तहसीलदारांच्या हातातली यादी खाली आली.

वैमानिकानं ओळीतला जवळचा सिलिंडर उचलला आणि पिन ओढली. आली नाही. पुन्हा ओढली. त्यानं नाड्याकडं बघितलं, पिंपांकडं बघितलं, मग त्या म्हाताऱ्याकडं. "वॉरंटसाब, बीस मिनट. आप बताइए क्या करना है."

ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मी दोरे कापत होते आणि डोळ्यांपुढं सुनंदाची पोर दिसत होती; जावळ काढलं तेव्हा माझ्याच मांडीवर बसली होती. मोंढ्यातून सोयाबीन तोलायचा काटा आला, त्यावर वायूचे सिलिंडर चढले. अप्पा वजन बघायचे आणि "ठीक" किंवा "बाद" म्हणायचे. आवाज रोज स्कूटरला म्हणायचा तसाच. आधीचे दोन आणि दोरे कापून, तोलून निघालेले चार मिळून सहा ठीक निघाले. पिंपाला तार जोडून जमिनीत खिळा ठोकला, ठिणगी पडू नये म्हणून. बांधकामावरून वाळू आली. तहसीलदार स्वतः घमेलं डोक्यावर घेऊन धावत होते, एकदा पडले, उठून पुन्हा धावले. गर्दी दोरीच्या मागं हटवली. एकदाच अप्पांनी घड्याळ बघितलं आणि खालचा ओठ दातांत धरला. मग पुढचा सिलिंडर उचलला.

तेल भरलं. कुठं ठिणगी नाही, कुठं धूर नाही. पंखा फिरला, हेलिकॉप्टर उडालं, जळकोटच्या दिशेला गेलं.

तहसीलदार जवळ आले. त्यांना माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच आलं. "अप्पा, काहीच झालं नाही की हो."

"हाव, साहेब," अप्पा म्हणाले. "हेच पाहिजे होतं." आणि मैदानाच्या कडेला जाऊन, सिलिंडर शेजारी ठेवून, जमिनीवर बसले.

मी पाणी नेलं. म्हटलं, "अप्पा, बरोबर केलंत तुम्ही."

"ते आत्ता म्हणू नका, बाई. ती आली तर म्हणा."

काकू कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून मैदानात आल्या. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. त्या नवऱ्याकडं बघायलाही तयार नव्हत्या. दोघं दोरीच्या दोन टोकांना उभे. मी मधे, कुणाकडं जावं ते न कळून.

आवाज आला तेव्हा अप्पांनी सिलिंडर उचलला आणि आपल्या जागेवर गेले, वारा पाठीला घेऊन. हेलिकॉप्टर टेकलं. दार उघडलं. एक म्हातारी उतरली, दोन पोरं, एक गडी, मग वाकून, पोटाशी गाठोडं धरून, सुनंदा. ती अप्पांच्या चार पावलांवरून गेली. ते इंजिनाकडं बघत होते. मला तेव्हा त्यांचा इतका राग आला! बघ की रे बाबा एकदा, लेक आहे तुझी. काकू धावल्या, लेकीच्या गळ्यात पडल्या, दोघी मोठ्यानं रडायला लागल्या. नातीनंही भोकाड पसरलं. चांगलं खणखणीत.

पंखा थांबला. अप्पांनी सिलिंडर खाली ठेवला आणि चालत आले. सुनंदापुढं उभे राहिले.

"सुनंदा, तुमचं हेलिकॉप्टर मी थांबवलं होतं. वीस मिनिटं. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगून राहिलो."

ती बघत राहिली. कमरेपर्यंत चिखल, ओठ काळेनिळे पडलेले.

"पाणी स्लॅबवर आलं होतं, अप्पा."

"हाव."

"मी हिला डोक्यावर धरून उभी होते. पाय सरकत होते."

"हाव."

कारण सांगितलं नाही. दोरे, पिंपं, वजनं, वैमानिक, एक शब्द नाही. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, पण काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प बसले. काकूही आता नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांच्या शर्टाची पुढची बाजू घामानं भिजली होती आणि हात लटलट कापत होते.

सुनंदालाही ते हात दिसले असणार. ती एक पाऊल पुढं आली.

"धरा हिला," ती म्हणाली. "माझे हात भरून आलेत." आणि तिनं पोर त्यांच्या हातांत दिली.